मूल पोलिसांच्या ताब्यात असेल तर: वयाचे कागद आणि बाल न्याय मंडळातला जामीन

पात्रता एकच: गुन्हा घडला त्या दिवशी मुलाची १८ वर्षे पूर्ण झालेली नसावीत. पकडताना तो साडेअठराचा असला तरी प्रकरण बाल न्याय मंडळाचेच, म्हणजे एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते मिळून मुलांची प्रकरणे चालवणाऱ्या मंडळाचे. हे नेहमीच असे नव्हते. २००० साली सर्वोच्च न्यायालयाने मुलाला हजर केल्याची तारीख धरली होती; २००५ मध्ये प्रतापसिंह विरुद्ध झारखंड या निकालात घटनापीठाने गुन्ह्याची तारीख पक्की केली. वयाची रेषाही सरकत आली आहे. केंद्राच्या १९८६च्या कायद्यात मुलग्याला १६ आणि मुलीला १८ अशी मर्यादा होती, २००० च्या कायद्याने ती दोघांना १८ केली. सध्याचा २०१५चा बाल न्याय कायदा १५ जानेवारी २०१६ पासून लागू आहे; पुढची सगळी कलमे त्यातलीच. त्यात १६ ते १८ वयाच्या मुलावर किमान सात वर्षे शिक्षेचा गुन्हा असेल, तर मंडळ प्राथमिक मूल्यांकन करून प्रकरण बाल न्यायालयाकडे (मंडळाहून वेगळे, सत्र न्यायालयाच्या दर्जाचे) पाठवू शकते. म्हणजे पंधरा की सोळा, सतरा की अठरा, यावर सगळे फिरते. म्हणून वकील शोधण्याच्या आधी वयाचा कागद शोधा.

कलम ९४ मध्ये पुराव्यांचा क्रम ठरलेला आहे. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र. ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी, ती आदेशापासून १५ दिवसांत. हाडांच्या तपासणीत वर्ष-दोन वर्षांचा फरक पडतो, त्यामुळे सतरा-अठराच्या सीमेवरच्या मुलासाठी तो मार्ग शेवटचाच ठेवावा. आधार कार्डावर विसंबू नका. ऑक्टोबर २०२४ मध्ये अपघात भरपाईच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आधारपेक्षा शाळेचा दाखलाच ग्राह्य धरला.

खान्देशात अडते ते इथेच. पहिले बाळंतपण माहेरी होते, आणि जन्माची नोंद जन्म झाला त्या गावी असते. शिरपूरच्या मुलाची नोंद मध्य प्रदेशातल्या सेंधव्याला निघू शकते, मग धुळ्यात कितीही खेटे घाला. धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवर घरी जन्मलेल्या मुलांची नोंदच नसते आणि शाळेत गुरुजींनी १ जून टाकलेला असतो. एकाच वर्गात निम्म्या पोरांचा वाढदिवस १ जून, हे मंडळालाही ठाऊक असते. तरीही नोंद घटनेच्या आधीची असेल तर तिचे वजन राहते. म्हणून नुसता शाळा सोडल्याचा दाखला आणू नका. पहिलीत नाव घातले त्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा सही-शिक्क्याचा उताराही घ्या. आश्रमशाळेला सुट्टी असेल तर तळोदा, नंदुरबार, धुळे किंवा यावल यांपैकी ज्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाखाली ती येते तिथे चौकशी करा. घटनेनंतर उशिराची जन्मनोंद करून घेणे किंवा दाखल्यावरची तारीख बदलून घेणे ही मोठी चूक. त्याने खरा कागदही संशयात येतो.

मुलाला कोठडीत किंवा कारागृहात ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत. ठाण्यातल्या बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याच्या हवाली करून प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मंडळापुढे आणावे लागते. त्या दिवशी मंडळाची बैठक नसेल तर एका सदस्यापुढे हजर करता येते. ‘मंडळ सोमवारी बसते’ हे मुलाला थांबवून ठेवण्याचे कारण नाही. पोलिसांनी वय १९ लिहून नेहमीच्या न्यायालयात नेले, तर तिथेच पहिल्या तारखेला लेखी अर्ज द्या. कलम ९ प्रमाणे अल्पवयीन असल्याचा हा दावा कोणत्याही न्यायालयात, कोणत्याही टप्प्यावर, निकाल लागून गेल्यावरही करता येतो.

जामीन कलम १२ खाली. गुन्हा अजामीनपात्र आहे का, हा प्रश्न इथे येत नाही. सुटल्यावर मूल माहीत असलेल्या गुन्हेगाराच्या संगतीत जाईल, त्याला नैतिक, शारीरिक वा मानसिक धोका होईल, किंवा न्यायाचा हेतू फसेल, या तीनच कारणांवर तो नाकारता येतो आणि कारणे लिहावी लागतात. अर्जासोबत वयाचे कागद, पालकाचे ओळखपत्र, रेशनकार्ड, शाळेत असल्यास बोनाफाईड आणि पालकाचे हमीपत्र जोडा. हमीपत्रात मूल कुठे, कोणाजवळ राहील ते नेमके लिहा. आई-बाप ऊसतोडीला किंवा गुजरातेत कामाला असतील तर गावातला मामा किंवा आजोबा समोर उभा करा. ‘घरी लक्ष ठेवणारे कोणी नाही’ अशी नोंद झाली की जामीन अडतो. जामीनदार न मिळाल्याने आदेशापासून सात दिवसांत अट पाळता आली नाही, तर अट बदलण्यासाठी मुलाला पुन्हा मंडळापुढे आणावे लागते. हे बहुतेक पालकांना कोणी सांगत नाही. जामीन नाकारल्यास ३० दिवसांत बाल न्यायालयात अपील.

परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) पहिल्या हजेरीपासून १५ दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल देतो. तो घरी येईल तेव्हा शेजाऱ्यांनी काय सांगितले तेही त्यात उतरते. वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात साधा अर्ज पुरतो. बालकाला उत्पन्नाची अट नाही.

पोलीस भरतीची चिंता बऱ्याच घरांत असते. कलम २४ नुसार बालक म्हणून चाललेल्या प्रकरणामुळे अपात्रता येत नाही. अपवाद बाल न्यायालयाने दोषी ठरवलेल्या सोळा वर्षांवरच्या मुलाचा. प्रकरण निकाली निघाल्यावर चारित्र्य पडताळणीसाठी पोलिसांनी ही नोंद उघड करू नये, असे कलम ७४ सांगते. तरी अंतिम आदेशाची प्रमाणित प्रत काढून ठेवा, कारण अपिलाची मुदत किंवा सात वर्षे संपल्यावर मूळ कागद नष्ट होतात.