गंज व त्याचे निवारण (ग्रामीण विदर्भ)

लोखंडावर ओल व हवा यांच्या योगाने चढणारा तांबूस, ठिसूळ थर. बोलण्यात जंग असेही म्हणतात. प्रस्तुत नोंद विदर्भातील खेड्यांत घरोघरी असणाऱ्या तवा, कढई, सराटा (उलथणे), पावशी (विळी), विळा, कुऱ्हाड, बादली, धान्याची पत्र्याची कोठी अशा वस्तूंपुरती मर्यादित आहे. तांब्यापितळेच्या भांड्यांचा उल्लेख ओघाने येईल.

शब्दाविषयी थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण विदर्भात गंज म्हटले की आधी पातेले डोळ्यांपुढे येते. दूध गंजात तापते, वरण गंजात शिजते. ‘गंजाला जंग लागला’ हे वाक्य येथे कोणाला खटकत नाही. पात्रवाचक गंज कोठून आला याबद्दल एकमत नाही. संस्कृत कोशांत ‘गञ्ज’ म्हणजे खजिना वा कोठार आणि ‘गञ्जा’ म्हणजे मद्यगृह किंवा मद्यपात्र असे अर्थ मिळतात. यांपैकी मद्यपात्रावरून पातेल्यापर्यंत येणे सोपे वाटते. पण फारसी ‘गंज’ (खजिना, साठा) हा शब्दही तितकाच जवळचा आहे. मथुरेचा शक राज्यकर्ता शोडास क्षत्रप याच्या काळातील तेथील एका शिलालेखात (साधारणतः इ. स. पू. पहिल्या शतकाची अखेर ते इ. स. पहिल्या शतकाचा प्रारंभ) खजिनदार या अर्थी ‘गंजवर’ ही संज्ञा येते व ती इराणी मुळाची मानली जाते. तेव्हा संस्कृतातील ‘गञ्ज’ हाच मुळात इराणी भाषांतून आलेला, असे धरणे अधिक सयुक्तिक. कडब्याची गंजी याच साठ्याच्या अर्थाला चिकटलेली दिसते. तांबेरा या अर्थाचा गंज मात्र निराळा. फारसी ‘झंग’चे जंग आणि त्यातील वर्णांची अदलाबदल होऊन गंज, अशी त्याची वाट असावी. दोन शब्द एका उच्चारात येऊन मिळाले, इतकेच.

लोखंडाशी या प्रदेशाचा संबंध जुना आहे. नागपूर जिल्ह्यातील नायकुंड येथे १९७८–८० च्या सुमारास झालेल्या उत्खननात महापाषाणयुगीन लोकांची लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. तिचा काळ सामान्यतः इ. स. पू. आठवे-सातवे शतक असा दिला जातो. टाकळघाट-खापा व माहुरझरी येथील शिळावर्तुळांतूनही (दफनांभोवती रचलेल्या दगडी वर्तुळांतूनही) लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या, घोड्यांचे साज मिळाले आहेत.

गंजाला पाणी व प्राणवायू दोन्ही लागतात. एक तोडले की क्रिया थांबते. मे महिन्यात नागपूरकडे दुपारची सापेक्ष आर्द्रता २०–३० टक्क्यांपर्यंत उतरते. तेव्हा अंगणात पडलेला विळासुद्धा जसाच्या तसा राहतो. मृगानंतर चित्र पालटते. श्रावणात हवा दिवसेंदिवस ओली असते आणि रोज चुलीवर चढणारा तवा एखादा दिवस बाजूला राहिला, तरी त्यावर तांबूस छटा येते. नागपंचमीला चुलीवर तवा न ठेवण्याची रीत आहे.

पावसापेक्षा पाण्यातील क्षार अधिक हानी करतात. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात (अकोला, अमरावती व बुलढाणा या जिल्ह्यांचे काही भाग, दर्यापूर, अकोट, तेल्हारा, शेगाव, संग्रामपूर इ. तालुके) भूजल खारे आहे. क्लोराइडयुक्त पाणी विजेचे चांगले वाहक असल्याने गंजण्याची विद्युत्-रासायनिक क्रिया वेगाने चालते व धातूवरचा संरक्षक थरही टिकत नाही. त्या भागात विहिरीच्या पाण्याने विसळलेली कढई पुसल्याशिवाय पालथी घालत नाहीत.

रूढ उपायांत तेलाचा हात फिरवणे हा मुख्य होय. येथे जवसाच्या तेलाचे वेगळेपण लक्षात घेण्यासारखे आहे. ते ‘सुकणारे’ तेल आहे. त्याचे आयोडीन मूल्य (तेल किती आयोडीन शोषून घेते याचे माप) सु. १७०–२०० असते, करडईचे सु. १४०–१५०, शेंगदाण्याचे ८५–१०० आणि मोहाच्या बियांच्या तेलाचे ५५–७० च्या आसपास. मूल्य जितके जास्त, तितके तेल हवेतील प्राणवायू घेऊन आपसांत जुळते व घट्ट पापुद्रा धरते. शेंगदाण्याचे तेल ओलेच राहते, धूळ धरते, चार दिवसांनी चिकट होते. मोहाचे तेल थंडीत थिजते, त्यामुळे जाड लेप म्हणून ते चालते. मात्र ऊन तापले की वितळून ओघळते. जवसाचे तेल पातळ लावून तवा तापवला, थंड केला आणि असे तीनचार वेळा केले की जो काळा, गुळगुळीत थर बसतो तो पाणी आत जाऊ देत नाही. नागपूर, भंडारा, चंद्रपूरकडे जवस घरचाच असल्याने हे तेल हाताशी असे. एक सावधगिरी: या तेलाने भिजलेल्या चिंध्या ढीग करून टाकल्यास आतल्या आत तापून पेट घेऊ शकतात, म्हणून त्या कुटाराच्या (भुशाच्या) कोठाराजवळ ठेवू नयेत.

पावशीचे पाते गंजते ते धारेवर नव्हे, तर लाकडी पाटात जेथे रोवलेले असते तेथे. त्या फटीत भाजीचा रस व धुण्याचे पाणी साचून राहते, लाकूड ते लवकर सोडत नाही. वरून पाते चकचकीत आणि बुंधा पोखरलेला, अशी जुनी पावशी पुष्कळ घरांत आढळते. धुतल्यावर ती उभी करून ठेवणे व बुंध्याशी तेलाचा थेंब सोडणे एवढे पुरते. आवळा चिरल्यावर पात्यावर येणारा काळानिळा डाग हा गंज नव्हे. तो टॅनिन (आवळ्यातील तुरट द्रव्य) व लोह यांच्या संयुगाचा असून घासून काढण्याची निकड नसते. याउलट चिंचेने वा लिंबाने गंज निघतो, पण लोखंड उघडे पडते. ते लगेच वाळवून तेल न लावल्यास अधिक वेगाने गंजते. चुलीची राख अल्कधर्मी असल्याने या बाबतीत निर्धोक.

जस्ताची बादली व पत्र्याचा डबा एकाच जातीचे समजण्याची चूक सर्रास होते. बादलीच्या पत्र्यावर जस्त असते. ओरखडा पडला तरी आधी जस्त झिजते आणि लोखंड वाचते. म्हणून तिला चिंच किंवा विटकरीचा भुगा लावणे म्हणजे तिचे रक्षणच खरवडणे. तेल-तुपाच्या जुन्या डब्यांवर कथिलाचा मुलामा असतो. तो अखंड आहे तोवर उत्तम. ओरखडा पडला की कथिलाच्या सान्निध्यात लोखंडच आधी गंजते, आणि डबा एका ठिपक्यातून फुटतो. पत्र्याच्या कोठीला खताचे पोते टेकवून ठेवणे हेही असेच घातक, कारण खत हवेतील ओल ओढून घेते. कोठी विटांवर, भिंतीपासून हातभर दूर हवी.

पितळेच्या गुंडाला (पाण्याच्या भांड्याला) वा गंजाला आतून कल्हई करतात. भांडे तापवून, नवसागर टाकून, २३२° से. ला वितळणारे कथील कापसाच्या बोळ्याने फिरवले जाते. कल्हई गेलेल्या भांड्यात ताक कळकते. कल्हई हा शब्द अरबी ‘कलई’वरून आला, त्याचा संबंध मलाया द्वीपकल्पातील ‘कलह’ या बंदराशी जोडतात, तो बहुधा बरोबर असावा.

खंडेनवमीला विळे, कुऱ्हाडी, वखराची पास (लोखंडी पाते) घासून, तेल लावून पूजतात. पावसाळा सरण्याची हीच वेळ असल्याने गंज काढण्याचे काम त्या निमित्ताने होऊन जाते. प्रथेचा उगमच तेथे आहे, असे मात्र म्हणता येत नाही.

आता गंज ‘जर्मल’चे (ॲल्युमिनियमचे) किंवा स्टीलचे असतात आणि त्यांना लोखंडाचा गंज लागत नाही. स्टीलच्या डब्यात ओलसर खडेमीठ महिनोन्‌महिने राहिले, तर तळाला बारीक खळगे पडतात. मीठ चिनी मातीच्या बरणीतच ठेवतात.