संख्याशास्त्र घेतलं म्हणजे मास्तरकीच?

‘संख्याशास्त्रात पदवी घेऊन करणार काय? शिकवणार, नाहीतर सरकारी खात्यात तक्ते भरणार!’ हा समज पिढ्यानपिढ्या चालत आलाय. तो शंभर वर्षांपूर्वीही खरा नव्हता. मोजक्याच नोंदींवरून निष्कर्ष काढता यावा म्हणून वापरली जाणारी प्रसिद्ध ‘टी-चाचणी’ १९०८ साली मांडली ती विल्यम गॉसेटने, आणि तो होता डब्लिनच्या गिनेस या बिअर कंपनीचा नोकर! कंपनी स्वतःच्या नावाने लेख छापू देईना, म्हणून त्याने ‘स्टुडंट’ हे टोपणनाव घेतलं.

आज नव्या औषधाची चाचणी घ्यायची तर रुग्ण किती लागतील, कोणाला औषध आणि कोणाला नुसती साखरेची गोळी द्यायची, दिसलेला फरक खरा की योगायोग, हे सगळं संख्याशास्त्रज्ञ ठरवतात. बँकांची कर्जजोखीम, कारखान्यातली गुणवत्ता, निवडणुकीचे अंदाज इथेही तेच.

मात्र उलटी अतिशयोक्तीही नको. नुसत्या पदवीवर कोणी अ‍ॅक्च्युअरी, म्हणजे विम्यातल्या जोखमीचा हिशोब मांडणारा तज्ज्ञ, होत नाही. त्याच्या व्यावसायिक परीक्षा वेगळ्या, आणि चांगल्याच दमवणाऱ्या. औषध कंपन्या बहुधा पदव्युत्तर शिक्षण मागतात. शिवाय आर किंवा पायथॉन या संगणकाच्या भाषांमध्ये हात बसलेला नसेल, तर पहिली नोकरी अडते. सूत्रं पाठ असली तरी.