हम्प्टीचं नाक आणि मेंदूचा ठेका

कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या ‘डिजिटल अंडरग्राउंड’ या रॅप ग्रुपचं ‘द हम्प्टी डान्स’ १९९० साली आलं. खोटं मोठं नाक, चष्मा, डोक्यावर फरची टोपी आणि गेंगाण्या आवाजात स्वतःच्याच ध्यानाची टिंगल करणारा हम्प्टी हम्प हा त्याचा नायक. बिलबोर्ड हॉट १०० यादीत गाणं अकराव्या क्रमांकापर्यंत चढलं. असली थट्टेची गाणी एरवी वर्षभरात विरून जातात, कारण विनोद एकदा कळला की संपला. हे गाणं मात्र आजही लागलं की मान डोलायला लागते, शब्द पाठ असले तरी आणि एकही कळत नसला तरी. टिकाऊ माल शब्दांच्या खाली आहे.

तो माल उसनाच आहे, म्हणजे सॅम्पल केलेला: जुन्या ध्वनिमुद्रणांतले तुकडे उचलून नव्या गाण्यात जोडलेला. ड्रम ‘स्लाय अँड द फॅमिली स्टोन’च्या ‘सिंग अ सिंपल साँग’ या साठीच्या दशकातल्या गाण्यातून घेतले आहेत. दुसरं सॅम्पल जॉर्ज क्लिंटनच्या ‘पार्लमेंट’चं, ‘लेट्स प्ले हाऊस’मधलं. (याच क्लिंटनच्या गाण्यांत ‘सर नोज’ नावाचा नाकाड्या खलनायक आहे, जो नाचायला साफ नकार देतो. हम्प्टीचं नाक त्याच घराण्यातलं म्हणायला हरकत नाही.) दोन्ही बँड फंक या नाचऱ्या ठेक्याच्या संगीतप्रकारातले. फंकचा कायदा असा की चार मात्रांपैकी पहिलीवर ठणठणीत जोर द्यायचा आणि मधल्या जागेत मात्र खोड्या काढायच्या. तबला ऐकणाऱ्याला हे नवं नाही: सम पक्की असेल तर मधे कितीही आडवंतिडवं वाजवा, ऐकणारा हरवत नाही.

या खोड्यांना संगीतशास्त्रात सिंकोपेशन म्हणतात. जिथे ठोका अपेक्षित असतो तिथे शांतता असते आणि नको तिथे ठोका पडतो. मारिया विटेक आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात यावर एक अभ्यास छापला. त्यांनी लोकांना ५० ड्रम ब्रेक, म्हणजे नुसत्या ड्रमचे छोटे तुकडे, ऐकवले आणि प्रत्येकाबद्दल दोनच प्रश्न विचारले: हलावंसं किती वाटलं, आणि मजा किती आली? अगदी सरळ ठेक्याला कमी गुण मिळाले, फार गुंतागुंतीच्या ठेक्यालाही कमीच. सर्वाधिक पसंती मधल्यांना. आलेख काढला तर उलट्या ‘यू’सारखा दिसतो.

यामागचं सर्वाधिक मानलं जाणारं स्पष्टीकरण असं की मेंदू पुढच्या ठोक्याचा अंदाज सतत बांधत असतो. अंदाज दर वेळी खरा ठरला तर कंटाळा येतो आणि कधीच खरा ठरला नाही तर मेंदू नाद सोडतो. थोडासा चुकला, तर हुकलेली मात्रा आपण पायानं किंवा मानेनं भरून काढतो. स्कॅनरमध्ये निपचित पडून ठेका ऐकणाऱ्यांच्या मेंदूतही हालचालींशी संबंधित भाग, म्हणजे बेसल गँग्लिया आणि सप्लिमेंटरी मोटर एरिया, जागे होतात.

आता बेस, म्हणजे खर्जातला आवाज. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या संगीत-प्रयोगशाळेत खराखुरा कार्यक्रम चालू असताना ८ ते ३७ हर्ट्झचे अतिखर्जातले स्पीकर दर अडीच मिनिटांनी चालू-बंद करण्यात आले. हा आवाज चालू आहे की बंद, हे श्रोत्यांना ओळखता येत नव्हतं. तरी तो चालू असताना त्यांची हालचाल सुमारे १२ टक्क्यांनी वाढली! २०२२ सालचा हा निष्कर्ष मला फार आवडतो, कारण नाचण्याचा निर्णय आपण घेतो या समजुतीला तो छान टाचणी लावतो. कार्यक्रम इलेक्ट्रॉनिक संगीताचा होता आणि इतका खोल आवाज मोबाइलच्या स्पीकरमधून येतच नाही, हे खरं. पण दणदणीत साउंड सिस्टिमवर बेस अंगात का घुमतो, याचा धागा इथे मिळतो.

राहिला तो आवाज. हम्प्टी आणि ग्रुपचा प्रमुख शॉक जी ही दोन वेगळी माणसं आहेत, असं कित्येक चाहते वर्षानुवर्षं मानत होते. प्रत्यक्षात दोघेही ग्रेगरी जेकब्ज. माणसाच्या आवाजाची ओळख स्वरतंतूंइतकीच वरच्या पोकळ्यांनी ठरते. नाक चिमटीत धरून ‘मीना’ म्हणून पाहा, ‘बीदा’च्या जवळचं काहीतरी निघेल. उलट मऊ टाळू खाली सोडून बोललं की हवा नाकातही जाते, काही कंप्रता तिथे शोषल्या जातात आणि आवाज गेंगाणा होतो. त्यात अनोळखी माणसाचा आवाज ओळखण्यात आपण कच्चे. एकाच माणसाचे वेगवेगळ्या ढंगातले तुकडे ऐकवले, तर ऐकणारे हमखास जास्त माणसं मोजतात. जेकब्जनं तर टोपी, नाक आणि नव्या चरित्रकथेचीही सोय केली होती: स्वयंपाकघरातल्या अपघातात तळणाच्या कढईनं नाक भाजलेला एक गायक!

जेकब्ज २०२१ मध्ये गेले. उसन्या तुकड्यांतून त्यांनी घडवलेला ‘हम्प्टी डान्स’चा ड्रमठेका मात्र पुढे इतरांनी डझनावारी गाण्यांत उसना घेतला, आणि त्यातली बरीचशी मुळीच विनोदी नाहीत.