कलंकित धर्मयोद्ध्यांचा संघ: एका फँटसी कल्पनेची पार्श्वभूमी

फँटसी खेळांत आणि कादंबऱ्यांत एक संघ हटकून भेटतो. ढालीवरचं देवाचं चिन्ह खरवडून काढलेलं, जुनं नाव टाकून दिलेलं, अंगावर काळा नाहीतर राखी झगा. त्यात कुणी रणातून पळालेला असतो, कुणी शपथ मोडलेला, कुणी देवाच्या नावाने निरपराधांना कापून काढलेला. मूळ पंथाने हाकलून दिलेली ही माणसं जिथे दुसरं कुणी जायला तयार नाही अशा सरहद्दीवर पहारा देत बसतात. लढता लढता मरण आलं तर हिशेब फिटला, अशी त्यांची समजूत असते.

वाचणाऱ्याला वाटतं, निष्कलंक धर्मवीर ही मूळ कल्पना आणि हा डागाळलेला संघ म्हणजे पुढच्या लेखकांनी तिला दिलेली कलाटणी. इतिहासात क्रम उलटा आहे. युरोपातले धर्मयोद्ध्यांचे खरे संघ पापी माणसांना डोळ्यांसमोर ठेवूनच उभे राहिले. निष्कलंक वीर त्यांच्यामागून आला, तोही बराचसा कथाकारांच्या दौतीतून.

अकराव्या शतकातल्या पश्चिम युरोपात माणूस मारणं हे पाप होतं, मग युद्ध कितीही न्याय्य असो. १०६६ साली इंग्लंडमधली हेस्टिंग्जची लढाई जिंकलेल्या नॉर्मन सैनिकांना हे चर्चने आकड्यांत मांडून दाखवलं. पोपचा प्रतिनिधी, सायनचा बिशप एर्मेनफ्रिड याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रायश्चित्ताच्या फर्मानात प्रत्येक अपराधाचा दर ठरलेला आहे. आपल्या हातून जितकी माणसं मेली असं पक्कं ठाऊक आहे, तितकी वर्षं प्रायश्चित्त. घाव घातला पण समोरचा मेला की जगला ते माहीत नाही, तर माणशी चाळीस दिवस. किती मारले याचा हिशेबच लागत नसेल, तर उरलेल्या आयुष्यभर आठवड्यातला एक दिवस, नाहीतर एखादं चर्च बांधून द्यायचं. तिरंदाजांना तर आपला बाण कुणाला लागला हे कळायची सोयच नव्हती. त्यांच्यासाठी चाळीस-चाळीस दिवसांचे तीन उपास. लक्षात घ्या, हे सगळं जिंकलेल्या बाजूसाठी होतं, आणि पोपचा पाठिंबा असलेली स्वारी म्हणून तिचा गाजावाजा झाला होता.

म्हणजे सरदाराच्या पोटी जन्मलेल्या माणसापुढे पेच असा, की ज्या धंद्यावर घराणं चाललंय तोच धंदा नरकात नेणार. सुटायचं तर तलवार टाकून मठात जायचं. दुसरी वाट नव्हती.

ती दुसरी वाट नोव्हेंबर १०९५ मध्ये फ्रान्समधल्या क्लेअरमाँच्या धर्मसभेत पोप अर्बन दुसरा याने खुली केली. मानासाठी किंवा पैशासाठी नव्हे, तर केवळ भक्तीपोटी जेरुसलेम सोडवायला जो जाईल, त्याचा तो प्रवासच साऱ्या प्रायश्चित्ताच्या जागी धरला जाईल, असा त्या सभेचा ठराव होता. तीस वर्षांपूर्वी ज्या कृत्यासाठी प्रायश्चित्त घ्यावं लागत होतं, तेच कृत्य आता प्रायश्चित्त ठरलं. नोझाँचा मठाधिपती गिबेर याने त्या काळीच हे अचूक टिपलं: सरदारांना आपला पेशा न सोडता, मठात न शिरता मोक्ष मिळवायचा नवा मार्ग देवाने काढून दिला आहे, अशा अर्थाचं त्याने लिहिलं. फँटसीतल्या प्रत्येक पतित धर्मयोद्ध्याची वंशावळ या वाक्यापर्यंत मागे नेता येते असं मला वाटतं.

टेम्प्लर संघ याच जमिनीत उगवला. जेरुसलेमच्या वाटेवरच्या यात्रेकरूंचं रक्षण करणारी मूठभर माणसं ११२० च्या आसपास एकत्र आली, ११२९ साली त्र्वा इथल्या धर्मसभेत त्यांना नियमावली मिळाली आणि क्लेअरव्होचा मठाधिपती बर्नार्ड त्यांची बाजू मांडणारा वकील झाला. त्याने या नव्या शिलेदारीची भरभरून स्तुती केली, पण माणसं कुठून येतात हे लपवलं नाही. जेरुसलेमकडे लोटणाऱ्या गर्दीत पूर्वी दुष्ट, लुटारू, खुनी, खोट्या शपथा घेणारे, व्यभिचारी नव्हते असे थोडेच, असं तो सरळ म्हणतो. वर त्यातला दुहेरी फायदाही दाखवतो: ते निघून गेले म्हणून घरचे खूश, ते आले म्हणून तिकडचे खूश. संताच्या लेखणीला इतका व्यवहारी चिमटा शोभतो की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. संघाच्या फ्रेंच नियमावलीत तर चर्चने वाळीत टाकलेले सरदार जिथे जमतात तिथे मुद्दाम जा, अशी आज्ञा आहे. अशा माणसाला बिशपने पापमुक्त केलं की मग संघात घ्यायचं.

आत शिरल्यावर मात्र शिस्त कडक होती, आणि फँटसी लिहिणाऱ्यांनी सर्वांत कमी वापरलेला मसाला इथेच पडून आहे. चार किंवा अधिक बंधू एकत्र राहत असतील तिथे दर आठवड्याला सभा भरायची. ज्याच्या हातून चूक झाली त्याने उठून गुडघ्यांवर बसून ती बोलायची आणि बाहेर जायचं. मागे राहिलेले शिक्षा ठरवणार, आणि कुणी काय मत दिलं हे त्याला कधीच सांगणार नाहीत. सगळ्यांत जड शिक्षा दोन. पहिली, झगा जाणं. ज्याचा पांढरा झगा काढून घेतला तो एक वर्ष एक दिवसापर्यंत जमिनीवर बसून जेवायचा, नोकरांच्या बरोबरीने राबायचा, उपास करायचा, फटके खायचा. मुदत संपली की झगा परत. पण काही अपराध असे, की झगा मिळाला तरी संघाचं निशाण पुन्हा कधी हातात येत नसे.

दुसरी शिक्षा म्हणजे संघाबाहेर काढणं, कायमचं. पैसे देऊन प्रवेश मिळवणं, सभेतली गुपितं फोडणं, चोरी, ख्रिस्ती माणसाचा खून, निशाण सोडून रणातून पळणं, शत्रूला जाऊन मिळणं यांना ही शिक्षा होती. नियमावलीत उदाहरणादाखल एक प्रसंग नोंदलेला आहे. अँटिओकमध्ये तीन बंधूंनी ख्रिस्ती व्यापाऱ्यांना मारलं. असं का केलंत म्हणून विचारल्यावर त्यांनी उत्तर दिलं की पापाने करायला लावलं. त्यांना संघातून काढलं. मग अँटिओक, त्रिपोली, टायर आणि अ‍ॅकर या चारही शहरांतून फटके मारत त्यांची धिंड काढली, आणि आपल्या वाईट माणसांना हा संघ काय न्याय देतो ते पाहा, असं ओरडायला लावलं. शेवटी शातो पेलेरीनच्या किल्ल्यात कोंडलं. तिथेच ते मेले.

बाकीच्या हाकललेल्यांचं काय व्हायचं? नियम सांगतो की त्यांनी आपल्या आत्म्याच्या कल्याणासाठी अधिक कठोर मठात दाखल व्हावं. इथे फँटसी आणि इतिहास यांची ताटातूट होते. खऱ्या संघाने सर्वांत मोठ्या अपराध्याला दिलेली वाट तलवारीपासून दूर नेणारी होती. काल्पनिक संघ त्याच्या हातात तलवार परत देतो.

संघाबाहेर काढलेल्यांचाच वेगळा लढाऊ संघ मध्ययुगात झाला नाही. त्याच्या जवळ जाणारी एकच गोष्ट दिसते, ती म्हणजे सेंट लाझारसचा संघ. तिथे अपराध नव्हता, कुष्ठरोग होता. टेम्प्लर बंधूला हा रोग जडला तर त्याने लाझारसवाल्यांकडे जावं अशी तरतूद होती. कुष्ठरोगाकडे त्या काळी कधी पापाची शिक्षा म्हणून, तर कधी देवाने याच जन्मी दिलेली शुद्धी म्हणून पाहिलं जाई, त्यामुळे समाजाबाहेर टाकलेल्या पण अजून शस्त्र धरू शकणाऱ्या योद्ध्यांचं हे घर होतं. १२४४ साली ला फोर्बीच्या लढाईत त्यांचे कुष्ठरोगी बंधू सगळेच्या सगळे पडले. झाकलेले चेहरे, हातमोजे, कुणी शिवत नाही अशी फलटण, हे चित्र फँटसीत जिथे जिथे दिसतं तिथे लाझारसची सावली असते, लेखकाला ठाऊक असो वा नसो.

संघ नसला, तरी वाळीत टाकलेली अख्खी फौज मात्र होऊन गेली. चौथ्या धर्मयुद्धातल्या लोकांनी व्हेनिसच्या जहाजांचं भाडं भागेना म्हणून १२०२ साली व्हेनिसच्या सांगण्यावरून झारा हे ख्रिस्ती शहर घेतलं. पोप इनोसंट तिसरा याने त्यांना वाळीत टाकलं. फ्रेंचांनी क्षमा मागितली, त्यांना ती मिळाली, व्हेनिसवाल्यांना नाही. पुढे क्षमा मिळालेले आणि न मिळालेले दोघे मिळून कॉन्स्टँटिनोपलला गेले आणि १२०४ च्या एप्रिलमध्ये त्यांनी ते शहर लुटलं. पापक्षालनाच्या मोहिमेवर निघालेली माणसं वाटेत आणखी मोठं पाप करतात, हे कथानक कुणाला रचावं लागलं नाही.

उत्तरेकडे लिव्होनियात (आजच्या लाटव्हिया-एस्टोनियाच्या प्रदेशात) तलवार-बंधूंचा संघ १२०२ मध्ये स्थापन झाला. त्याच्या पहिल्या प्रमुखाला, व्हेनोला, संघातल्याच विगबर्टने १२०९ साली कुऱ्हाडीने मारलं. १२३६ मध्ये साउलेच्या लढाईत संघाचा कणा मोडला आणि पुढच्या वर्षी उरलेल्यांना जर्मन धर्मयोद्ध्यांच्या ट्यूटॉनिक संघात सामावून घेतलं.

प्रायश्चित्त विकत घेण्याचाही एक नमुना आहे. आर्चबिशप टॉमस बेकेटचा ११७० साली कँटरबरीच्या कॅथेड्रलमध्ये खून झाला. त्याबद्दलच्या प्रायश्चित्तात इंग्लंडचा राजा हेन्री दुसरा याने दोनशे शिलेदारांचा वर्षभराचा खर्च टेम्प्लरांमार्फत देण्याचं कबूल केलं. तो पैसा जेरुसलेमला साठत राहिला. ११८७ मध्ये टेम्प्लरांचा प्रमुख जेरार द रिडफोर याने तो सैन्यभरतीसाठी मोकळा केला, आणि त्या पैशावर उभी केलेली माणसं हत्तीनच्या लढाईत सुलतान सलाहुद्दीनसमोर गारद झाली.

मग संघालाच कलंक लागला. शुक्रवार, १३ ऑक्टोबर १३०७ रोजी फ्रान्सच्या फिलिप चौथ्याने टेम्प्लरांची धरपकड केली. छळ करून कबुलीजबाब घेतले गेले. ज्यांनी नंतर ते मागे घेतले, त्यांच्यापैकी ५४ जणांना मे १३१० मध्ये पॅरिसजवळ जिवंत जाळलं. कबूल करील त्याला क्षमा, निर्दोष आहे म्हणेल त्याला सरण, असा तो उफराटा न्याय. त्याआधी, ऑगस्ट १३०८ मध्ये शिनाँच्या किल्ल्यात पोपच्या कार्डिनलांनी प्रमुख जाक द मोले आणि इतर वरिष्ठांना पापमुक्त केल्याचा कागद व्हॅटिकनमध्ये २००१ साली पुन्हा उजेडात आला. १३१२ मध्ये संघ बरखास्त झाला, तोही दोष सिद्ध झाला म्हणून नव्हे, पोपच्या अधिकारात. मोलेला मार्च १३१४ मध्ये जाळलं. पोर्तुगालमध्ये त्यांची मालमत्ता १३१९ साली नव्या ‘ऑर्डर ऑफ ख्राइस्ट’ला मिळाली, इतरत्र पुष्कळसे बंधू मठांत उरलेलं आयुष्य काढून गेले. गुप्तपणे टिकून राहिलेल्या टेम्प्लरांच्या कथा पुढच्या शतकांनी रचल्या. आरोप खरे की खोटे हा प्रश्न लोंबकळत राहिला, आणि कथाकाराला एवढंच पुरतं.

निष्कलंक वीर येतो तो तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात, होली ग्रेलच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या पवित्र पात्राच्या शोधाच्या, फ्रेंच कथांमधून. पांढऱ्या ढालीवर लाल क्रूस मिरवणारा गॅलहॅड कधी चुकतच नाही, आणि खरं सांगायचं तर कंटाळवाणा आहे. त्या कथांवर बर्नार्डच्याच सिस्टर्शियन पंथाच्या विचारांची दाट छाया आहे. पण वाचकाच्या लक्षात राहतो त्याचा बाप लान्सलॉट: आर्थर राजाच्या राणीशी असलेल्या संबंधाची कबुली देऊन अंगाला टोचणारा केसाळ सदरा घालणारा, ग्रेलच्या खोलीच्या दारापर्यंत पोचून कोसळणारा, आणि चोवीस वर्षांच्या पापापोटी चोवीस दिवस निपचित पडून राहणारा.

विसाव्या शतकात हे दोघे एका खेळाच्या नियमांत शिरले. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या पात्रं घेऊन खेळायच्या फँटसी खेळात पॅलाडिन हा धर्मयोद्धा १९७५ च्या पुरवणीत आला आणि १९७८ च्या नियमपुस्तकात स्वतंत्र वर्ग झाला. शिस्त मोडणारं कृत्य जाणूनबुजून केलं, तर सातव्या किंवा वरच्या पातळीच्या धर्मगुरूपुढे कबुली आणि प्रायश्चित्त. जाणूनबुजून दुष्कृत्य केलं, तर पॅलाडिनपण गेलं, परत कधीच नाही. टेम्प्लरांच्या दोन शिक्षा, झगा जाणं आणि संघ जाणं, यांची ही हुबेहूब जोडी आहे. मात्र ज्याचं सगळं गेलं त्याने पुढे काय करायचं, याचं मध्ययुगीन उत्तर खेळाच्या कामाचं नव्हतं. मठात प्रार्थना करत बसलेलं पात्र घेऊन खेळणार कोण? माझ्या मते कलंकितांच्या संघाची खरी गरज इथे निर्माण झाली: पतनाचा नियम होता, पण पतनानंतर खेळत राहायला जागा नव्हती.

ती जागा मग वेगवेगळ्या हातांनी भरली. २००० सालच्या नियमांत पतित पॅलाडिनला आपली ताकद काळ्या बाजूला वळवता येऊ लागली. ‘वॉरक्राफ्ट’ या संगणक-खेळात २००२ साली आर्थस हा राजपुत्र प्रजेला वाचवण्याच्या हट्टापायी घसरत जाऊन मृतांच्या फौजेचा स्वामी झाला, आणि २००८ मध्ये त्याच्याच गुलामीतून सुटलेल्या मृतयोद्ध्यांचा ‘एबन ब्लेड’ संघ उभा राहिला. त्यांना पवित्र प्रकाशाकडून माफी मिळत नाही. ते सूडाच्या बळावर उभे आहेत. इथे जुन्या व्यवस्थेतला एक मोठा खांब गायब आहे. मध्ययुगात क्षमा कोण देणार याबद्दल शंका नव्हती: बिशप, कार्डिनल, पोप. फँटसीतला देव बहुधा गप्प असतो, मूळ पंथ शत्रू झालेला असतो, म्हणून कुणाचं पाप फिटलं हे संघालाच ठरवावं लागतं, आणि ठरवणारेही तितकेच बरबटलेले असतात. चांगल्या कथांमधला ताण या गाठीतून येतो. ती नसेल तर उरतात नुसते काळे झगे.

२०१४ च्या आवृत्तीत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ने नैतिक बाजूची सक्ती काढली आणि पॅलाडिनला शपथेला बांधलं, शपथ मोडणाऱ्यासाठी वेगळा प्रकारही दिला. २०१७ मध्ये उद्धाराची शपथ आली. नावावरून ती कलंकितांसाठी असेल असं वाटतं, पण तिच्यातला योद्धा स्वतःच्या नव्हे, समोरच्या शत्रूच्या उद्धारावर विश्वास ठेवणारा आहे, आणि शस्त्र तो सर्वांत शेवटी उचलतो.