नाव शोधायचं तर बहिणीच्या लेकीकडे

दुर्घटनेच्या बातमीत ‘डीएनए चाचणीवरून ओळख पटली’ हे वाक्य हमखास असतं. ते वाचून अनेकांना वाटतं, हाडाचा तुकडा यंत्रात घातला की पलीकडून नाव छापून येतं. तसं होत नाही. डीएनएमध्ये नाव नसतं, गाव नसतं, पलटणीचा क्रमांक नसतो. हा डीएनए दुसऱ्या अमुक माणसाच्या डीएनएशी जुळतो का, एवढंच प्रयोगशाळा सांगू शकते. आता तो दुसरा माणूस आणायचा कुठून? मृत्यूला शंभर वर्षं उलटली असतील, मेलेला तरुण अविवाहित असेल, त्याचे आईबाप, भावंडं सगळी गेली असतील, तर मग तुलना कुणाशी करायची? या प्रश्नाचं उत्तर मला जीवशास्त्रातल्या सर्वांत सुंदर गोष्टींपैकी एक वाटतं, आणि ते समजून घ्यायला उत्तर फ्रान्समधलं फ्रोमेल हे लहानसं गाव गाठायला हवं.

पहिल्या महायुद्धात, १९ जुलै १९१६ च्या संध्याकाळी फ्रोमेलसमोरच्या जर्मन खंदकांवर ऑस्ट्रेलियाच्या पाचव्या डिव्हिजनने आणि ब्रिटिशांच्या ६१व्या डिव्हिजनने हल्ला चढवला. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत सगळं आटोपलं होतं. मृत, जखमी आणि कैदी मिळून एकट्या ऑस्ट्रेलियाने ५,५३३ माणसं गमावली. जर्मन हद्दीत पडलेले मृतदेह जर्मनांनी गावाजवळच्या रानाच्या कडेला मोठे खड्डे खणून पुरले. पुरण्याआधी गळ्यातले ओळखीचे बिल्ले काढून घेतले आणि नावांच्या याद्या रेडक्रॉसमार्फत परत पाठवल्या. ही त्यांची माणुसकीच होती, पण तिचा परिणाम उलटा झाला. त्या वेळी या सैनिकांच्या गळ्यात एकच बिल्ला असे. तो निघाला की मृतदेहाला नाव उरत नसे. देहासोबत राहणारा दुसरा बिल्ला त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लागू झाला, म्हणजे या पोरांना दोन महिन्यांनी उशीर झाला.

युद्धानंतर हे खड्डे नजरेतून सुटले. मेलबर्नचे एक शिक्षक, लँबिस एंग्लेझोस, यांनी मृतांच्या आणि सापडलेल्या कबरींच्या आकड्यांचा ताळा घातला, जुनी हवाई छायाचित्रं तपासली आणि माणसं अजून तिथेच आहेत असा आग्रह धरला. २००८ मध्ये चाचणी खोदकाम झालं आणि त्यांचं म्हणणं खरं निघालं. २००९ च्या उन्हाळ्यात पुरातत्त्वज्ञांनी २५० मृतदेह एकेक करून बाहेर काढले. त्यांच्यासोबत हजारो वस्तू निघाल्या. त्यात ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटल ते पर्थ या प्रवासाच्या परतीच्या रेल्वे तिकिटाचा अर्धा भागही होता. मग गावात नवी युद्ध दफनभूमी उभारली गेली आणि प्रत्येकाला स्वतंत्र कबर मिळाली.

आता दगडावर काय कोरायचं? इथून पुढचं काम दातांनी केलं.

माणूस मेला की पेशीतली दुरुस्तीची यंत्रणा थांबते. पाणी डीएनएच्या साखळीवर हल्ला करतं, तिच्यातली अक्षरं, म्हणजे रासायनिक मणी, गळतात, साखळी तुटत जाते. शंभर वर्षांनी लांब धागा उरत नाही, छोटे तुकडे उरतात. दाताचं इनॅमल हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ असल्यामुळे त्याच्या आतल्या पेशींचा डीएनए त्यातल्या त्यात जपला जातो. तरीही केंद्रकातला डीएनए मिळवणं अवघड, कारण एका पेशीत त्याच्या दोनच प्रती असतात. एक आईकडची, एक वडिलांकडची.

पण पेशीत डीएनए आणखी एका जागी असतो. शाळेत आपण तंतुकणिका शिकलो, मायटोकाँड्रिया म्हणतात त्याच. ‘पेशीचं ऊर्जाकेंद्र’ एवढं लिहून आपण दोन मार्क मिळवले आणि पुढे गेलो. या तंतुकणिकांमध्ये स्वतःचा, वर्तुळाकार, छोटासा डीएनए असतो. केंद्रकातल्या डीएनएत सुमारे तीनशे कोटी अक्षरं, तर यात फक्त १६,५६९. मात्र एका पेशीत त्याच्या शेकडो, कधी हजारो प्रती असतात. वाळवीने खाल्लेल्या पोथीच्या दोनच प्रती हाती असतील तर मजकूर गेला म्हणून समजा, पण हजार प्रती असतील आणि प्रत्येकीला वाळवी वेगळ्या जागी लागली असेल, तर तुकडे एकमेकांवर ठेवून मूळ पान पुन्हा वाचता येतं. जुन्या हाडांत तंतुकणिकांचा डीएनए सापडतो तो या संख्याबळामुळे.

आणि आता मला सर्वांत आवडणारा भाग. हा डीएनए फक्त आईकडून येतो. शुक्रपेशीतही तंतुकणिका असतात, पण त्या बीजांडात शिरल्या तरी त्यांच्यावर आधीच नष्ट करण्याची रासायनिक खूण असते आणि त्या मोडीत काढल्या जातात. त्यामुळे आईचा संच मुलगा आणि मुलगी दोघांनाही मिळतो, पण पुढे देते फक्त मुलगी. सैनिकाच्या अंगात त्याच्या आईचा संच असतो. तो त्याच्या स्वतःच्या मुलांना मिळत नाही. त्याच्या सख्ख्या बहिणीत मात्र तोच संच असतो, तिच्या मुलीत तोच, त्या मुलीच्या मुलीतही तोच, एखादा तुरळक बदल सोडला तर. मामाकडे तोच असतो, पण मामेभावाकडे नसतो, कारण त्याला तो मामीकडून मिळालेला असतो. मावशीकडे असतो आणि मावसभावाकडेही असतो.

याचं गाजलेलं उदाहरण रशियाचं. १९१८ मध्ये मारल्या गेलेल्या झारच्या कुटुंबाचे अवशेष तपासताना राणी अलेक्झांड्राची ओळख पटवायला ब्रिटनचे प्रिन्स फिलिप यांनी रक्ताचा नमुना दिला. फिलिप यांच्या आईची आई ही अलेक्झांड्राची सख्खी बहीण.

वडिलांकडची बाजू वाय गुणसूत्र सांभाळतं, म्हणजे केंद्रकातल्या डीएनएचा फक्त पुरुषांत असणारा भाग. ते बापाकडून मुलाला जसंच्या तसं जातं, म्हणून त्यासाठी पुतण्या, चुलतभाऊ किंवा पुतण्याच्या मुलाचा मुलगा चालतो. आतेभाऊ मात्र दोन्हीकडून बाद.

दोन्ही बाजू का लागतात, ते थोडं गणित करून पाहू. समजा, बेपत्तांच्या यादीत १,००० नावं आहेत आणि आपला सैनिक त्यातलाच आहे. मातृवंशाची त्याची खूण, म्हणजे तंतुकणिकांचा डीएनए, दर ५० माणसांत एकात आढळत असेल, तर यादीतले सुमारे २० जण निव्वळ योगायोगाने जुळतील. पितृवंशाची खूण, म्हणजे वाय गुणसूत्र, दर २०० त एकात आढळत असेल, तर सुमारे पाच जुळतील. दोन्ही एकदम योगायोगाने जुळण्याची शक्यता दहा हजारांत एक, म्हणजे हजारांच्या यादीत सरासरी ०.१ खोटा जोडीदार. त्यामुळे जुळलेलं नाव खरं असण्याची शक्यता साधारण ९१ टक्के होते. हीच यादी २०० नावांवर आणली, तर खोटे जोडीदार ०.०२ आणि खात्री ९८ टक्के. प्रयोगशाळेत काहीही न बदलता केवळ यादी लहान केल्याने खात्री वाढली! म्हणून जर्मनांनी पाठवलेल्या याद्या, भरतीच्या नोंदीतली उंची, वय, दातांची स्थिती, खड्ड्यात सापडलेल्या वस्तू यांचं मोल डीएनएइतकंच आहे.

पितृवंशावर एकट्यावर विसंबण्यात दुसराही धोका असतो. २०१२ मध्ये इंग्लंडमधल्या लेस्टर इथे राजा तिसरा रिचर्ड याचा सांगाडा सापडला. त्याच्या बहिणीच्या मातृवंशातल्या हयात व्यक्तींशी तो जुळला, पण कागदोपत्री पितृवंशातल्या पुरुषांशी वाय गुणसूत्र जुळलं नाही. वंशावळीत मधे कुठेतरी नोंदलेला बाप वेगळा आणि खरा बाप वेगळा होता.

मुलगा झाला नाही म्हणून ‘वंश बुडाला’ म्हणत हळहळणाऱ्यांना मला हे पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं. दहा पिढ्या मागे गेलं तर तुमच्या वंशवृक्षात पूर्वजांच्या १,०२४ जागा असतात. गोत्र आणि वाय गुणसूत्र त्यातल्या फक्त एकाच जागेकडे बोट दाखवतात. थुंकीचा नमुना पाठवा, तुमचा मूळ पुरुष कोण ते सांगतो, अशा जाहिरातींचाही उरलेल्या १,०२३ जागांशी संबंध नसतो.

फ्रोमेलसाठी ऑस्ट्रेलियात आणि ब्रिटनमध्ये नातेवाइकांना आवाहन झालं, लोकांनी जुनी वंशवृक्षं काढली, नमुने दिले. जुलै २०१० मध्ये दफनभूमीचं लोकार्पण झालं तेव्हा २५० पैकी ९६ जणांना नाव मिळालं होतं. पुढच्या वर्षांत नवे नातेवाईक सापडत गेले तशी ही संख्या दीडशेच्या पुढे गेली. दातांतले नमुने तेच होते, वाढले ते तुलनेला मिळालेले जिवंत लोक.

फ्रोमेलपासून दहा-एक किलोमीटरवर न्यूव-शापेल आहे. पहिल्या महायुद्धात पश्चिम आघाडीवर मेलेल्या आणि ज्यांची कबर माहीत नाही अशा ४,७०० हून अधिक भारतीयांची नावं तिथल्या स्मारकावर कोरलेली आहेत. याच पट्ट्यात काही वर्षांपूर्वी दोन भारतीय सैनिकांचे अवशेष सापडले. सोबतच्या ‘३९’ या धातूच्या आकड्यावरून ते ३९व्या गढवाल रायफल्सचे, एवढं कळलं, आणि जवळच्या लावांती गावातल्या युद्ध दफनभूमीत त्यांना सन्मानाने पुरण्यात आलं. अशा सैनिकांना नाव मिळवून द्यायचं झालं तर काय लागेल? भारतीय सैनिकांच्या नोंदीत सहसा स्वतःचं नाव, वडिलांचं नाव आणि गाव असतं. म्हणजे कागद आपल्याला पितृवंशाकडे नेतो. पण पिढ्यानपिढ्या एकाच गावात राहिलेल्या भावकीतल्या सगळ्या पुरुषांचं वाय गुणसूत्र जवळपास एकच असतं. एकाच भावकीतले दोन तरुण एकाच पलटणीत असले, तर त्यांना वेगळं करणारी गोष्ट म्हणजे त्यांच्या आयांचा डीएनए. त्यासाठी त्यांच्या बहिणी लग्न होऊन कोणत्या गावी गेल्या ते शोधावं लागेल, आणि नमुना घ्यावा लागेल तो त्या बहिणींच्या लेकींच्या लेकींकडून.