जुन्या वर्तमानपत्रांच्या ऑनलाइन संग्रहातून घराण्याचा शोध (सोलापूर)

जुनी वर्तमानपत्रं स्कॅन करून इंटरनेटवर ठेवलेली असतात, त्यात नाव, पेठ, तारीख टाकून आपल्या माणसांबद्दल छापून आलेला मजकूर शोधायचा आणि त्यावरून वंशावळीतल्या रिकाम्या जागा भरायच्या, अशी ही पद्धत. निधनवार्ता, जाहीर नोटीस, कोर्टाचे निकाल, मॅट्रिकचे निकाल, नोकरीतल्या नेमणुका-बदल्या, काहीही सापडू शकतं. सोलापूर भागात वंशावळ सांगायचं काम पूर्वीपासून हेळवी करत आले, पंढरपूरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेला आलेल्या घराण्यांची नावं असतात, आणि छापील कुलवृत्तांत आहेतच. पण हे सगळं घरच्यांनी सांगितलेलं. वर्तमानपत्रातली ओळ त्याच आठवड्यात, बहुतेक परक्या माणसाने छापलेली असते, म्हणून ताळा करायला तिच्यासारखं दुसरं काही नाही.

मराठी पत्रांची सुरुवात सर्वसाधारणपणे बाळशास्त्री जांभेकरांच्या 'दर्पण'पासून, म्हणजे ६ जानेवारी १८३२ पासून धरतात. काही अभ्यासक १८२८ च्या 'मुंबापूर वर्तमान'चा उल्लेख आधी करतात, पण त्याचे अंकच हाती नाहीत, त्यामुळे शोधणाऱ्याने १८३२ धरून चाललेलं बरं. खुद्द सोलापुरात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात 'कल्पतरु आणि आनंदवृत्त' निघत होतं, १८८० च्या दशकाच्या मध्याला हिराचंद नेमचंद दोशींचं 'जैन बोधक' सुरू झालं, पुढे 'सोलापूर समाचार', 'कर्मयोगी', आणि स्वातंत्र्यानंतर 'संचार'. सोलापूरच्या १९३० च्या मार्शल लॉच्या प्रकरणात फाशी गेलेल्या चौघांपैकी कुर्बान हुसेन हे 'गझनफर' नावाचं पत्र चालवायचे.

आता यातलं ऑनलाइन किती, तर इंग्रजी भरपूर आणि मराठी थोडं. टाइम्स ऑफ इंडियाचे १८३८ पासूनचे अंक (तेव्हा नाव बॉम्बे टाइम्स) प्रोक्वेस्ट नावाच्या ऑनलाइन संग्रहात आहेत, ते विद्यापीठाच्या किंवा मोठ्या लायब्ररीच्या लॉगिनने उघडतात. २०११ ला सुरू झालेल्या ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्हमध्ये हिंदुस्थानच्या बातम्या देणारी 'होमवर्ड मेल'सारखी पत्रं आहेत, पैसे भरावे लागतात. देशी पत्रांमधल्या मजकुराचा सरकारी साप्ताहिक गोषवारा १८६८ च्या सुमारापासून मुंबई इलाख्यात तयार व्हायचा, त्यात सोलापूरच्या पत्रांतले उतारे इंग्रजीत येतात आणि मूळ अंक गेले तरी तेवढा मजकूर वाचलेला आहे. मात्र हे उतारे सरकारला काय महत्त्वाचं वाटलं त्यावर निवडलेले, तिथे कुणाच्या आजोबांची निधनवार्ता मिळणार नाही, सभेतलं भाषण किंवा म्युनिसिपालिटीविरुद्धची तक्रार मिळेल.

स्पेलिंगचा त्रास फार. इंग्रजी पत्रांत शहर शोलापूर किंवा शोलापोर असं छापलंय, आजचं स्पेलिंग टाकलं तर जुनं काहीच येत नाही. मराठीत १९६२ चे शुद्धलेखनाचे नियम येण्याआधी 'सोलापुर', 'विष्णु', 'हरि', 'नांव', 'कांहीं' असं लिहायचे, म्हणून ऱ्हस्व-दीर्घ आणि अनुस्वार बदलून दोन-तीनदा शोधावं. नावाआधी रा. रा., कै., चि., गं. भा. असतं, ते जोडून टाकलं की गर्दीतून नेमकी ओळ वर येते. स्कॅनवरून अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर जुन्या शिळाछापावर (दगडावरून केलेल्या छपाईवर) आणि झिजलेल्या छपाईच्या खिळ्यांवर चुकतं, 'घ'चा 'ध' आणि 'भ'चा 'म' होतो. पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे बरेच मराठी ई-पेपर तर श्रीलिपीसारख्या युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये आहेत, ते डोळ्याला मराठी दिसतात पण सर्चला सापडत नाहीत. म्हणून काही आलं नाही तर ते छापलंच नव्हतं असं धरू नये.

सगळ्यात जास्त गाडी अडते ती तारखेवर, कारण घरात तिथी माहीत असते आणि पेपरावर तारीख. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण जानेवारी ते गुढीपाडवा या काळासाठी ७९. सोलापूरचा मार्शल लॉ मे १९३० चा आणि चार हुतात्म्यांची फाशी १२ जानेवारी १९३१ ची, दोन्ही शके १८५२ मध्येच येतात. शहरातल्या मारवाडी घरांत हेच दोन्ही प्रसंग विक्रम संवत १९८७ चे होतात, तर गुजराती घरांत वर्ष दिवाळीनंतर बदलत असल्यामुळे पहिला १९८६ चा आणि दुसरा १९८७ चा. शिवाय मारवाड्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला चैत्र वद्य तो त्यांचा वैशाख वदी, एवढ्या एका गोष्टीने वहीतली नोंद महिनाभर सरकते.

पितृपक्षातल्या तिथीवरून शोधणारे पुष्कळ. मृत्यूची तिथी तीच महालयाची (पितृपक्षातल्या श्राद्धाची), पण शुद्ध की वद्य आणि महिना कुठला हे त्यातून कळत नाही, म्हणजे वर्षाचे चोवीस दिवस तपासायला येतात. त्यातही सवाष्ण गेलेल्या बाईचं अविधवा नवमीला होतं, अपघाताने किंवा शस्त्राने गेलेल्याचं चतुर्दशीला, तिथी माहीत नसेल त्याचं सर्वपित्रीला, तेव्हा या तीन दिवसांवरून तारीख काढायलाच जाऊ नये. वर्षश्राद्धाची तिथी मिळाली तर महिनाही मिळतो, ती धरावी. बऱ्याच लिंगायत घरांत श्राद्धच नसतं, तिथे पुण्यस्मरणाच्या जाहिराती बघाव्यात. तिथी साधारण १९ ते २६ तासांची असते आणि जुनी पंचांगं ग्रहलाघव या जुन्या ग्रंथाच्या गणितावर केलेली, आजचं मोबाइल ॲप दृक् (प्रत्यक्ष आकाशाशी जुळणाऱ्या) गणिताचं, त्यामुळे एखाद्या दिवसाचा फरक पडू शकतो. याबाबतीत त्या-त्या वर्षाचं छापील पंचांग बघणं हेच खात्रीचं, आणि दाते पंचांग सोलापूरचंच असल्यामुळे गावातल्या जुन्या घरांत त्याच्या प्रती निघतात. काढलेल्या तारखेपासून पुढचे दोन आठवडे चाळावेत, कारण साप्ताहिकात बातमी उशिरा यायची.

तेलंगणातून हातमागावर आणि गिरण्यांत आलेल्या पद्मशाली घराण्यांसाठी मराठी पत्रं पुरत नाहीत, मूळ गावाकडचं बघायला हैदराबादची 'गोलकोंडा पत्रिका' (१९२६) सारखी तेलुगू पत्रं लागतात. तेलुगूत घराण्याचं नाव आधी लिहितात, म्हणून इंग्रजी बातमीत आडनावाच्या जागी माणसाचं नाव जाऊन बसलेलं असतं, दोन्ही क्रमाने शोधावं. तुळजापूर-नळदुर्गकडची घरं १९४८ पर्यंत निजामाच्या हद्दीत होती, अक्कलकोट वेगळं संस्थान, त्यांचे कागद मुंबई इलाख्यात शोधून उपयोग नाही.

गिरणीकामगार आणि बायका यांचा उल्लेख फार कमी सापडतो. कामगाराचं नाव आलं तर संप, अपघात किंवा खटल्यात येतं. बायकांची बातमी 'अमक्यांच्या पत्नी' एवढ्यावर संपते, म्हणून नवऱ्याचं, वडिलांचं आणि भावाचं नाव टाकून बघावं, आणि साखर पेठ, बाळीवेस, उत्तर कसबा अशी पेठही.

ऑनलाइन नसलेल्या अंकांसाठी १९५४ च्या ग्रंथ-वितरण कायद्याचा आधार आहे. १९५६ पासून वर्तमानपत्रंही त्यात आली, त्यामुळे त्यानंतरचे अंक सरकारने ठरवलेल्या ग्रंथालयांकडे पाठवणं प्रकाशकाला बंधनकारक झालं. मुंबईत ते एशियाटिक सोसायटीच्या टाउन हॉलमध्ये असलेल्या मध्यवर्ती ग्रंथालयाकडे बघायचे. तिथे नावाने शोध होत नाही, तारीख सांगून फाइल मागवावी लागते.