सागरी क्षेत्र जागरूकता

समुद्रावर कोण आहे, कुठून आले, कुठे निघाले आणि त्याचा हेतू काय असावा, हे वेळेत ओळखण्याच्या व्यवस्थेला सागरी क्षेत्र जागरूकता म्हणतात. रडार, उपग्रह, टेहळणी विमाने, जहाजांचे स्वयंचलित संदेश, बंदरांतील नोंदी आणि मच्छीमारांनी दिलेल्या खबरी यांची सांगड घालून नौदलाच्या व तटरक्षक दलाच्या अधिकाऱ्यापुढे एकच चित्र ठेवणे, हे तिचे काम. अलीकडे या कामात कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर होऊ लागला आहे.

भारतात या व्यवस्थेला वेग आला तो मुंबईवरील हल्ल्यानंतर. कराचीहून निघालेल्या दहा दहशतवाद्यांनी पोरबंदरची ‘कुबेर’ ही मच्छीमार बोट ताब्यात घेतली आणि २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री ते रबरी होडीतून बधवार पार्कजवळच्या कोळीवाड्यात उतरले. या हल्ल्यात १६६ जणांचा बळी गेला. किनाऱ्यावर उतरणाऱ्या त्या अनोळखी तरुणांना तिथल्या कोळ्यांनी हटकलेही होते. नौदल, तटरक्षक दल, पोलीस, सीमाशुल्क विभाग या सगळ्यांचे डोळे समुद्राकडे होते, पण एकाने पाहिलेले दुसऱ्यापर्यंत पोहोचत नव्हते. फेब्रुवारी २००९ मध्ये सागरी सुरक्षेची एकूण जबाबदारी नौदलावर सोपवण्यात आली.

तरीही जुलै २०११ च्या अखेरीस मुंबईकरांनी जुहूच्या वाळूत रुतलेले ‘पवित’ पाहिले. ओमानजवळ खलाशांनी सोडून दिलेले हे जहाज बुडाले असावे, असा समज होता. प्रत्यक्षात ते अरबी समुद्र ओलांडून, एकही माणूस नसताना, महिनाभराने थेट शहराच्या चौपाटीवर येऊन लागले. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते. होड्या किनाऱ्याला ओढलेल्या, त्यामुळे एरवी समुद्रात असणारी कोळ्यांची नजरही तेव्हा नव्हती. त्या जहाजात घातपाती असते तर काय झाले असते, हा प्रश्न तेव्हा सगळ्यांनीच विचारला, आणि तो रास्त होता.

या व्यवस्थेच्या पहिल्या टप्प्यात किनाऱ्यावर व बेटांवर ४६ रडार केंद्रे उभी राहिली, तर ७४ दीपगृहांवर जहाजांचे संदेश टिपणारी यंत्रे बसली. नौदल व तटरक्षक दलाची ५१ ठाणी एका जाळ्यात जोडून ही माहिती गुरुग्रामच्या माहिती व्यवस्थापन आणि विश्लेषण केंद्रात आणली गेली. या केंद्राचे उद्घाटन २३ नोव्हेंबर २०१४ रोजी तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी केले. डिसेंबर २०१८ मध्ये गुरुग्रामलाच हिंदी महासागर क्षेत्रासाठी वेगळे केंद्र सुरू झाले. तिथे मित्रदेशांचे संपर्क अधिकारीही बसतात.

आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या ३०० टनांवरील जहाजांना स्वयंचलित ओळख यंत्रणा बाळगावी लागते. ती आपला नऊ अंकी क्रमांक, जागा, वेग व दिशा सतत सांगत असते. भारतीय जहाजांचा क्रमांक ४१९ ने सुरू होतो. रडारवर उमटलेला ठिपका आणि हा संदेश यांचा मेळ बसला की ठिपक्याला नाव मिळते. ज्याचा मेळ बसत नाही, तो ठिपका शोधायचा. हजारो ठिपक्यांतून असा एक वेचणे माणसाच्या डोळ्यांना झेपत नाही. जहाजांचे नेहमीचे मार्ग व वेग शिकलेली कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रणाली वेगळेपण हेरते: भर समुद्रात उगाच थांबलेले जहाज, बराच वेळ एकमेकांना चिकटून उभी दोन जहाजे, मध्येच बंद पडलेला संदेश. पण जाळे ओढणारा ट्रॉलरही सावकाश चालतो, वळतो, त्याच पाण्यात पुन्हा पुन्हा फिरतो. मासेमारीचे हंगाम आणि पद्धती ज्या प्रणालीला शिकवल्या नाहीत, तिला प्रत्येक तांडेल संशयित वाटेल.

जोडलेली माहिती खोटीही असू शकते. जून २०२१ मध्ये ब्रिटनची ‘डिफेंडर’ आणि नेदरलँड्सची ‘एव्हर्टसन’ या युद्धनौका रशियाच्या ताब्यातील क्रिमियातल्या सेवास्तोपोल बंदराकडे जात असल्याचे संदेश उमटले, तेव्हा त्या दोन्ही युक्रेनमधील ओदेसाच्या धक्क्याला बांधलेल्या होत्या. म्हणूनच संदेशाची पडताळणी उपग्रहचित्राने किंवा विमानाने करावी लागते.

माहिती खरी असूनही निर्णय चुकू शकतो, याचे भीषण उदाहरण ३ जुलै १९८८ चे आहे. अमेरिकेच्या ‘व्हिन्सेन्स’ युद्धनौकेच्या यंत्रणेत इराणचे प्रवासी विमान वर चढत असल्याची नोंद होती. ताणाखालच्या माणसांनी ते आपल्यावर झेपावत असल्याचे मानले आणि क्षेपणास्त्रे सोडली. २९० प्रवासी व कर्मचारी मारले गेले. पडद्यावर काय दिसते याइतकेच ते कसे मांडले आहे आणि अधिकाऱ्याला ‘थांबा’ म्हणायला किती क्षण मिळतात, हेही महत्त्वाचे ठरते.

भारतापुढची खरी अडचण मात्र लहान बोटींची आहे. २० मीटरपेक्षा लांब मच्छीमार बोटींना ओळख यंत्रणा सक्तीची झाली, पण आपल्या किनाऱ्यावरच्या बहुतेक होड्या त्याहून लहान. लाकडी किंवा फायबरची होडी उसळत्या पाण्यात रडारला धड दिसतही नाही. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये एक लाख मच्छीमार नौकांवर ट्रान्सपाँडर बसवण्याच्या देशव्यापी योजनेचा प्रारंभ झाला. इस्रोच्या तंत्रज्ञानावर चालणाऱ्या या यंत्रातून उपग्रहाद्वारे दोन्ही बाजूंनी संदेश जातो. वादळाची सूचना बोटीवर येते, संकटात सापडलेल्या बोटीची हाक किनाऱ्याला कळते. कोळ्याला यंत्र आपले वाटेल ते या उपयोगामुळेच. नुसती पाळत ठेवणारा डबा कोण सांभाळील? संशयास्पद बोट दिसल्यास सागरी पोलिसांना १०९३ वर आणि तटरक्षक दलाला १५५४ वर कळवता येते. तो फोनही या जाळ्यातला एक धागा आहे, आणि बधवार पार्कच्या त्या रात्री नेमका तोच कुठे जोडलेला नव्हता.